ई.एस.टी.चा 'ल्यूकोसाइट': आठवा ट्रॅक मुका आणि बास फाटलेला, रिप बिघडलंय का?

खर्जवाला
एस्ब्यॉर्न स्वेन्सन ट्रिओ (ई.एस.टी.) या स्वीडिश जाझ त्रिकुटाचा 'ल्यूकोसाइट' हा अल्बम सीडीवरून एमपी३ करून, म्हणजे रिप करून, फोनवर ऐकतोय. ८ नंबरच्या 'ॲड इंटरिम'मध्ये काहीच ऐकू येत नाही. त्याच्या पुढच्या 'ॲड मॉर्टेम'मध्ये सगळं फाटल्यासारखं वाजतं. इक्वलायझरवर बास (खालचे स्वर) +६ डीबी (डेसिबल) आहे, क्रॉसफेड (एका ट्रॅकचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळणं) ८ सेकंद. पुन्हा रिप करू की हेडफोन बदलू?

गज_आणि_तार
हेडफोनला हात लावू नका. 'ॲड इंटरिम' ही मुद्दाम ठेवलेली एक मिनिटाची शांतता आहे. ट्रॅक ७ ते १० मिळून 'ल्यूकोसाइट' नावाची चार भागांची एकच रचना होते आणि हा तिचा दुसरा भाग. फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. लांबी १ मिनिट आणि रेघ सपाट दिसली, तर फाइल ठीक आहे.

फाटण्याची दोन कारणं असू शकतात, ती वेगळी करून बघा. ट्रिओचा डॅन बर्ग्लुंड डबल बास (उभं धरायचं मोठं तंतुवाद्य) गजाने वाजवतो आणि तो आवाज डिस्टॉर्शनमधून (मुद्दाम खरखर आणणाऱ्या इफेक्टमधून) काढतो, इतका की नवख्याला इलेक्ट्रिक गिटार वाटावी. स्वेन्सनही पियानोवर इफेक्ट वापरायचा. म्हणजे बरीचशी फाट मूळ रेकॉर्डिंगमध्येच आहे.

आता इक्वलायझर पूर्ण बंद करा आणि आवाज एकदम कमी करून तोच तुकडा ऐका. खरखरीचा पोत तसाच राहिला तर ती वादकांची. झांजांचा आवाजही बाससोबत चुरगळत होता आणि आता मोकळा झाला, तर ती तुमच्या सेटिंगची. +६ डीबी म्हणजे त्या पट्टीतल्या लहरींची उंची जवळजवळ दुप्पट. जोरकस जागी रेकॉर्डिंग आधीच कमाल पातळीजवळ असतं. वर जागाच नाही, मग शेंडे कापले जातात. बास वाढवायचाच असेल तर प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) -६ डीबी करा.

मंद्रसप्तक
वरच्यात भर. फोनच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर हा अल्बम कळणारच नाही. डबल बासची सर्वांत खालची मोकळी तार साधारण ४१ हर्ट्झची, आणि एवढासा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळपास गप्प असतो. डिस्टॉर्शनने वरचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे उंच स्वर) वाढतात. मूळ स्वर गळून नुसते उपस्वर कानावर आले की घनगंभीर बासच्या जागी माशीची भुणभुण ऐकू येते. नीट बसणारे साधे वायरचे इअरफोनही पुरतात. रबरी टोपी सैल असली तर मात्र खर्ज पुन्हा गेला.

क्रॉसफेड शून्य करा. ८ सेकंदांचा क्रॉसफेड त्या शांततेला दोन्ही टोकांनी कुरतडतो. काही ॲपमध्ये 'शांतता वगळा' अशी सोय असते, ती चालू असेल तर अख्खा ट्रॅकच उडेल.

रिप पुन्हा करणार असाल तर फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाइल-प्रकारात) करा. एमपी३ बनवणारा एन्कोडर ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी रिकामी भर घालतो. ती कापण्याची माहिती प्लेअरने वाचली नाही की ट्रॅकच्या सांध्यावर बारीक खाच पडते.

उत्तरध्रुव
तांत्रिक बाजू वर आलीच आहे, पण अल्बम असा का वाजतो तेही ध्यानात घ्या. स्वेन्सन, बर्ग्लुंड आणि ड्रमवर मॅग्नस ओस्ट्रम, हेच तिघं १९९३पासून एकत्र. जानेवारी २००७मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात सिडनीच्या स्टुडिओ ३०१मध्ये ते दोन दिवस ठरावीक रचना न घेता वाजवत बसले. त्यातून हा अल्बम निघाला. म्हणूनच त्यातल्या 'प्रीमोनिशन' या रचनेचा पहिला भाग सतरा मिनिटं चालतो. ख्यालाची बढत ऐकणाऱ्याला तो जड जाऊ नये: पियानोची सुरावट शोधत बसू नका, बास आणि ड्रम काय बदलतात तिकडे कान ठेवा.

स्वेन्सन १४ जून २००८ला स्टॉकहोमजवळ स्कूबा डायव्हिंग करताना गेला, अवघ्या ४४व्या वर्षी. अल्बम त्यानंतर आला. त्यामुळे ती शांतता श्रद्धांजली म्हणून घातली असं अनेकांना वाटतं, पण अल्बमचं काम तो असतानाच झालं होतं. त्याच सत्रांतलं उरलेलं संगीत २०१२मध्ये '३०१' नावाने निघालं. ट्रिओ नवीनच असेल तर आधी 'फ्रॉम गॅगारिन्स पॉइंट ऑफ व्ह्यू' (१९९९) ऐका. तिथे सुरावटी हाताला लागतात, मग इथली मोडतोड उमजते.

खर्जवाला
इक्वलायझर बंद केल्यावर झांजा सुटल्या. बासची खरखर तशीच आहे, म्हणजे ती बर्ग्लुंडचीच. सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करणारी सोय चालू ठेवावी का?

मंद्रसप्तक
ट्रॅकनिहाय नको. तीत पहिल्या ट्रॅकचा, 'डेकेड'चा, हळुवार पियानो वर ओढला जातो आणि 'ॲड मॉर्टेम' खाली दाबला जातो, चढउतारच जातो. 'अल्बम गेन' निवडा: सगळ्या ट्रॅकना एकच वजावट लागते. तो पर्याय नसेल तर सोय बंद करा आणि आवाज 'ॲड मॉर्टेम'च्या जोरकस जागेवर लावून घ्या. 'डेकेड'वर लावलात तर पुढे कानठळ्या बसतील.