मदत हवी आहे: गावच्या घराला मोठा काचेचा दरवाजा, उंबरठा नकोय पण झडही आत नको

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. पंधरा दिवसांत ऑर्डर द्यायचीय आणि जितक्या लोकांना विचारावं तितकी वेगळी उत्तरं मिळतायत. जरा लांबलचक झालंय, पण प्लीज वाचा.

घर दापोली तालुक्यात, समुद्राला लागून म्हणा ना, मध्ये फक्त आमचं आगर (माड-पोफळींची बाग) आणि मग पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. जुनं चिऱ्याचं कौलारू घर, पुढे ओटी, मग माजघर, मागे पश्चिमेला पडवी. 2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळात मागच्या पडवीचं छप्पर पार उडालं, आगरातली सुपारी तर निम्मी आडवी झाली, तेव्हा घाईघाईत लोखंडी पाइप टाकून पत्रा घातला तो आजही तसाच आहे. आता सगळंच नीट करायला घेतलंय.

खरं कारण आई आहे. गेल्या वर्षी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकरवर चालते. सगळा दिवस माजघरात, जिथे भर दुपारी पण दिवा लावावा लागतो. पन्नास वर्षं जी बाई सकाळी चहाच्या आधी आगरात शिंपणं बघायला जायची ती आता गड्याला हाक मारून विचारते की पोफळींना पाणी लागलं का, आणि तो हो म्हणाला की त्यावर विश्वास ठेवते. मला हे बघवत नाही. तिला बसल्या जागेवरून आगर दिसलं पाहिजे, आणि मनात आलं की कुणाला हाक न मारता वॉकर घेऊन बाहेर जाता आलं पाहिजे, एवढंच हवंय.

तर प्लॅन असा की मागची पडवी बंद करून तिची खोली करायची आणि पश्चिमेच्या कडेला 10 फूट रुंद 7 फूट उंच स्लायडिंग काच. दोन कोटेशन आलीत. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची चौकट) 780 रुपये स्क्वेअर फूट, अॅल्युमिनियम पावडर कोटिंगचं 1350, जीएसटी वेगळा. यूपीव्हीसीवाला म्हणतो समुद्राजवळ अॅल्युमिनियम खातं, अॅल्युमिनियमवाला म्हणतो एवढ्या मोठ्या पल्ल्याला यूपीव्हीसी वाकतं. सुताराचं म्हणणं सागाची चौकट करा, पण पावसाळ्यात आमचं मागचं दार असं फुगतं की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, आणि वाळवीचं तर विचारूच नका.

माझी भीती मात्र वेगळीच आहे. मावशीकडे दोन वर्षांपूर्वी असाच मोठा स्लायडर बसवला आणि पहिल्याच आषाढात खोलीत पाणी. मी स्वतः तिथे होते, खालच्या ट्रॅकमध्ये बोटभर पाणी साचलेलं आणि वाऱ्याचा झोत आला की ते पाणी ट्रॅकची आतली कड ओलांडून लाटेसारखं लादीवर यायचं. नंतर कळलं की ट्रॅकला बाहेरून पाणी जायला जी बारीक भोकं असतात ती बसवणाऱ्याने सिलिकॉन मारताना बुजवून टाकली होती. टाचणीने उकरून काढली तेव्हा पाणी भळाभळा गेलं. पण तिच्याकडे आतली कड निदान दोन इंच उंच तरी आहे, मला तर आईच्या वॉकरसाठी ती कडच नकोय! सपाट ट्रॅक घेतला तर आमच्याकडची झड कशी अडणार? आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही हो, आडवा येतो.

बाकी शंका: काच साधी टफन्ड घ्यावी की लॅमिनेटेड, डबल ग्लास घ्यावी का (पश्चिमेचं ऊन दुपारी तीननंतर थेट आत येतं), आणि वानरं. वानरांचा कळप रोज येतो आणि त्यांना काचेत स्वतःचं रूप दिसलं की ती काय करतील देव जाणे. शिवाय काचेपासून बारा फुटांवर माड आहे, झावळी पडते ती थेट खाली पडेलच असं नाही.

ज्यांनी कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, डबल ग्लासवर पैसे घालू नका असं माझं मत. एसी लावून खोली बंद ठेवणार असाल तर त्याचा खरा उपयोग, तुम्ही तर दिवसभर दार उघडं ठेवणार. आणि कडेचं सील गेलं की दोन काचांच्या मध्ये वाफ धरते, ती पुसता येत नाही, अख्खी काच बदलायची. वानरं आणि झावळीसाठी लॅमिनेटेडच घ्या. टफन्ड मजबूत असते, पण फुटली की सगळीच्या सगळी बारीक खडे होऊन खाली येते, मग भर पावसात तिथे चौकटीएवढं भोक. लॅमिनेटेडमध्ये मधल्या फिल्मला काच चिकटून राहते, तडे गेले तरी पडदा म्हणून उभी असते. दोन्ही थर टफन्ड करून लॅमिनेट केलेली मिळते. टफन्ड काच नंतर कापता येत नाही हे लक्षात ठेवा, माप चुकलं की काच वाया, म्हणून लादी आणि गिलावा पूर्ण झाल्यावरच शेवटचं माप घ्यायला लावा.

प्रतिसाद २

मी रत्नागिरीत फॅब्रिकेशनचंच काम करतो, त्यामुळे थोडं सविस्तर.

मटेरियलचं भांडण नंतर करा, आधी वजन बघा. काचेचं साधं गणित आहे, एक चौरस मीटरला प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. तुमचं दार 70 स्क्वेअर फूट म्हणजे साडेसहा चौरस मीटर, 5+5 लॅमिनेटेड घेतलंत तर नुसती काच 160 किलोच्या वर. दोन पल्ले केले तर एकेक पल्ला फ्रेमसकट नव्वदीत जातो. रोलर नवे असताना ढकलला जाईल, पण तुमच्याकडे पुळणीची वाळू उडून ट्रॅकमध्ये बसणार, आणि एका हाताने वॉकर धरून आईंनी तो ओढायचा? नाही जमणार.

दुसरं, स्लायडिंगला कडेने ब्रश असतो, ब्रश धूळ अडवतो, झोताबरोबर आलेलं पाणी नाही अडवत. बिजागरीचं दार रबराच्या गॅस्केटवर दाबून बसतं म्हणून त्याला झड कमी लागते. त्यामुळे मी असतो तर साडेसहा फूट काच फिक्स आणि बाजूला साडेतीन फुटांचं बाहेर उघडणारं दार केलं असतं. दाराखाली उंबरठ्याऐवजी दार लावलं की खाली उतरणारं सील मिळतं. फिक्स काच कुठे गळत नाही आणि आगर दिसायचं तेवढंच दिसतं.

पण खरी गोष्ट ही की काच पडवीच्या कडेला लावूच नका. तुमच्या आजोबा-पणजोबांनी पश्चिमेला पडवी काढली ती झडीसाठीच ना? आम्ही लहानपणी मिरगाच्या आधी पडवीला झापं (विणलेल्या झावळ्या) बांधायचो, तरी पाणी पडवीपर्यंतच यायचं, माजघरात नाही. काच माजघर आणि पडवीच्या मधल्या भिंतीत घ्या. वर छप्पर, समोर सहा-सात फूट मोकळी जागा, मग उंबरठा नसला तरी चालतो. तीनचं ऊन पण पडवीवरच अडेल, आणि झावळी काय नि वानर काय, दोन्ही लांब राहतील.

अॅल्युमिनियम चालेल, कोटिंग समुद्रकिनाऱ्यासाठीचं मागा. स्क्रू-बिजागऱ्या मात्र 316 ग्रेडच्या स्टेनलेसच्या, 304 ला खाऱ्या हवेत चहासारखे डाग पडतात. लोखंडी स्क्रू एक पण नको, त्याच्याभोवती अॅल्युमिनियम आधी सडतं.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत, फक्त ती मधली भिंत चिऱ्याची असेल तर छपराचा भार तिच्यावरच असणार. टेकू लावल्याशिवाय एक चिरा काढू देऊ नका. 10 फुटांसाठी आरसीसी बीम लागेल आणि दोन्ही बाजूंना भिंतीवर निदान 9 इंच बसला पाहिजे. इंजिनियरला दाखवा, गवंड्याच्या अंदाजावर नको.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार! रत्नागिरीचे दादा, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. पडवीबद्दलचं ऐकून ती म्हणाली, "मी तुला पहिल्या दिवशीच म्हटलं होतं पडवी बुजवू नको." म्हटलं होतं खरंच, मला वाटलं जुन्या सवयीने म्हणतेय.

शनिवार-रविवार गावी जाऊन आले. माजघराच्या भिंतीवर खडूने चौकट आखली, मग मागच्या दारात आईच्या खुर्चीवर बसून बघितलं. पडवीचा पाखा (उतरतं छप्पर) खाली उतरतो त्यामुळे माडांचे शेंडे दिसत नाहीत, पण पोफळींचे बुंधे, पाटाचं पाणी आणि विहिरीचा रहाट सगळं दिसतं. आईला विचारलं शेंडे दिसणार नाहीत चालेल का, तर म्हणाली शेंड्यांकडे बघून काय करू, पाणी मुळाला लागलं का ते दिसतंय ना.

एकच नवी अडचण. पडवी माजघरापेक्षा सहा इंच खाली आहे. एकास बारा (एक इंच उतरायला बारा इंच लांबी) धरला तर उतार सहा फुटांचा होतो आणि पडवी सातच फूट खोल आहे. पडवीची लादी वर घेतली तर पाखा डोक्याला लागेल. दाराबाहेर सपाट चौथरा करून उतार भिंतीच्या कडेने उत्तरेकडे काढला तर जमेल असं वाटतंय, तिकडे चौदा फूट मोकळे आहेत. वॉकर वळवायला चौथरा किती बाय किती लागतो? कुणी घरी केलं असेल तर मोजून सांगाल का, बुधवारी इंजिनियर येतोय बीम बघायला, त्याच दिवशी हे पण आखून घेईन.