कूलरसमोरचा पोकर: तुमचेही किस्से लिहा (अनुभव धागा)

झिरोमैल
पोळा तोंडावर आला म्हणून माळा साफ करायला चढलो. कूलरचा जुना पंप ज्या खोक्यात होता, त्यातच एक खर्डा सापडला. बाबांचं अक्षर. वर लिहिलेलं, ‘चि. चा पत्त्यांचा हिशेब, एप्रिल २०२० पासून’. तिथेच बसलो तासभर. खाली बायको आवाज देऊन राहिली आणि मी वर वाचून राहिलो.

लॉकडाऊन होता. नागपुरात मिहानमधलं ऑफिस घरात आलेलं, पाळी रात्रीची आणि काम अर्धंच. एका मित्रानं फोनवर टेक्सास होल्डेम पोकर शिकवला. हातात दोन पत्ते, टेबलावर आधी तीन, मग एक, मग आणखी एक. नियम दहा मिनिटांत आले, अक्कल यायला तीन वर्षं लागली. ॲपवर फ्रीरोल असायचे. बसायला पैसे नाही, बक्षीस मात्र खरं. त्यामुळे दोन-अडीच हजार जण तुटून पडायचे. मे महिन्यातल्या एका पहाटे सव्वाचारला मी शेवटच्या नऊ जणांत पोचलो. दिवसा पारा ४६ च्या पुढे गेलेला, कूलर नुसता घरघरून राहिला होता. बाबा पाणी प्यायला उठले आणि मागे येऊन उभे राहिले. बाबा म्हणजे जन्मभर लेखा विभागात, आणि पोळ्याला तीन पत्तीत कोणाच्या बापाला न ऐकणारे. मला पंजीपासून नव्वीपर्यंत रन, म्हणजे ओळीनं पाच पत्ते, लागलेली. बाबा म्हणाले, “लाव सगळे.” लावले. समोरच्यानं बदामाचे पाच, म्हणजे कलर, दाखवला. सातवा नंबर, ८४० रुपये.

बाबा स्क्रीनकडे बघतच राहिले. “रन असून कलरला हरला? कोणी काढला बे हा उलटा खेळ?”

खरी मजा दुसऱ्या दिवशी. चष्मा लावून बोनसच्या अटी वाचायला बसले. पहिल्या भरण्यावर शंभर टक्के बोनस होता. मी २,००० भरले, वर २,००० दिसायला लागले, मी खूश. बाबांनी खर्ड्यात मांडलं: माझ्या वाट्याचा दर २५० रुपये रेक (डावामागे ॲपवाल्यांची कटती) कापला गेला की बोनसमधले ५० सुटणार. म्हणजे २,००० सोडवायला १०,००० रेक. रेक ५ टक्के, म्हणजे माझ्या हातून दोन लाख पॉटमध्ये, म्हणजे डावावर लागलेल्या पैशांत, फिरले पाहिजेत, तेही ६० दिवसांत. खाली लाल पेनानं शेरा: ‘याला बोनस म्हणत नाहीत, याला नोकरी म्हणतात.’ शेवटची नोंद: ‘सुटला ३५०. बाकी बुडीत.’

तुमचं सांगा आता. ओमाहा, सॅटेलाइट, रिबाय, घरचे राडे, काहीही. फोकनाड मारली तरी चालेल, लगेच कळते.

चार_पत्ते
ओमाहा, म्हणजे हातात चार पत्ते. टेबलावर इस्पिकचे चार, माझ्या हातात इस्पिकचा एक्का. सगळे लावले, खुर्चीवरून उठून नाचलो पण. समोरच्याकडे इस्पिकची तिर्री आणि पंजी. पॉट त्याला!! मी सपोर्टला हा एवढा मेल हाणला, तुमचं सॉफ्टवेअर चोर आहे वगैरे. दोन ओळींचं उत्तर आलं की हातातले नेमके दोन आणि टेबलावरचे नेमके तीन वापरावे लागतात. माझा एक्का एकटाच होता बिचारा. ४,६०० गेले. मेल अजून आहे, वाचवत नाही.

बिनकामाचा
मी रम्मीवाला, चालते का

झिरोमैल
@बिनकामाचा बस बाजूला. @चार_पत्ते नाचलास तो भाग पुन्हा सांग.

गणिताचा_तास
काकांची शंका एकदम रास्त आहे. बावन्नातून तीन पत्ते काढण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यात साधी रन ७२० आणि कलर १,०९६. रन दुर्मीळ, म्हणून तीन पत्तीत रन मोठी. आता पाच पत्ते काढा. कलर ५,१०८ आणि रन १०,२००. इथे कलर दुर्मीळ झाला, म्हणून पोकरमध्ये तो वर. खेळ उलटा नाही, पत्ते दोन जास्त आहेत. तीन पत्तीत मात्र एक घोळ आहेच. ट्रेल (तिन्ही सारखे) ५२ प्रकारांनी येते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची रन) ४८, तरी मान ट्रेलला.

झिरोमैल
बाबांना वाचून दाखवलं. “४८? मग पन्नास वर्षं आम्ही काय खेळत होतो?” म्हणते. चहा थंड झाला त्यांचा.

संत्राबर्फी
मी खेळले नाही. नवरा खेळायचा. तो मोबाईल आंघोळीला न्यायला लागला तेव्हा शंका आली. हरला की “आज टेबल खराब होतं”, जिंकला की “आज शेवटचं”. दीड वर्षात १ लाख ९० हजार. त्या ॲपमध्ये ‘एकूण जिंकलेले’ पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात. ‘एकूण भरलेले’ शोधायला मला तीन ठिकाणी जावं लागलं. पैसे नणंदेच्या लग्नासाठी ठेवलेले. तिला अजून माहीत नाही, माझ्या दोन बांगड्या मोडल्या त्यात ते झाकलं गेलं.
झिरोमैल, तुमचे बाबा वेळेवर पाणी प्यायला उठले.

रात्रपाळी
ताई 🙏 थांबला कसा तो?

संत्राबर्फी
थांबला नाही, बंद झालं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा. नंतर तीन आठवडे घरभर येरझारा, पोरांवर चिडचिड. आता पहाटे फुटाळा तलावावर फिरायला जातो. जाऊ द्या, भाजी लागतेय खाली.

रिबायराजा
रविवारची ११० रुपयांवाली स्पर्धा. पहिला तास हरलात की परत घ्या, कितीही वेळा. पहिल्यानंतर मी सात वेळा परत घेतलं, वर ॲड-ऑन (जादा चिप्स). मिळून ९९०. चौथा आलो!! १,०८० मिळाले. पाच तासांचे ९० रुपये. तर्री पोहे आणि वर चहा, बास.
बायको म्हणे, यापेक्षा कॉटन मार्केटात संत्री उचलली असती तर जास्त मिळाले असते.

चार_पत्ते
पहिल्या तासात सगळे येड्यासारखे खेळतात ना त्यात. दुर्री-सत्ती घेऊन सगळे लावतात. तास संपला की तेच लोक एकदम साधू.

होस्टेलवाला
आमच्या ब्लॉकमध्ये मनीमेकरची गोष्ट म्हणजे पोथी होती. २००३, टेनेसीचा अकाउंटंट, आडनाव खरंच मनीमेकर. शंभर डॉलरच्या आतलं ऑनलाइन सॅटेलाइट खेळून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या दहा हजार डॉलरच्या मेन इव्हेंटचं तिकीट मिळवलं, ८३९ जणांत पहिला आणि २५ लाख डॉलर. मग काय, सहा जणांनी वर्गणी काढली आणि गोव्याच्या एका स्पर्धेच्या सॅटेलाइटला बसलो. आळीपाळीनं खेळलो, जे नियमात बसत नाही हे नंतर कळलं. जिंकलो!! रात्री दोनला होस्टेल डोक्यावर घेतलं, वॉर्डन वर.
सकाळी लक्षात आलं की खातं एकाच्या मोठ्या भावाच्या पॅनवर आहे. तिकीट त्याच्या नावाचं, दुसऱ्याला देता येत नाही. भावाला पोकरमधला प येत नव्हता. तो मडगावला निघाला आणि रेल्वेत बसल्या बसल्या व्हिडिओ कॉलवर आमची शिकवणी. रेंज गेली की धडा बंद. मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटीत वीस मिनिटांत बाहेर. एक्क्यांची जोडी आली होती म्हणे, पण “दोनच आहेत तर काय उपयोग” म्हणून टाकून दिली. २२१ डावांत सरासरी एकदा येते हो ती!! मग कोळंबी खाऊन परत आला. आजही सांगतो, मस्त झाली ट्रिप.

रिबायराजा
मेलो 😂😂 “दोनच आहेत”

गणिताचा_तास
हसून हसून ऑफिसात उठून बाहेर यावं लागलं.

टॅक्सवाला_बाप्पा
कोणी कराचं बोललं नाही म्हणून. ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. हजार भरले की ७८१ रुपये २५ पैसे टेबलावर, बाकी सरकारात. ॲपवाले ती कसर ‘बोनस’ म्हणून भरून द्यायचे, म्हणजे फिरून काकांचा खर्डा. त्याआधी एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्यावर ३० टक्के टीडीएस, दहा हजारांची जुनी सूट पण गेली. माझे दोन पक्षकार ‘प्रोफेशनल प्लेअर’ होते. दोघंही आता विमा विकतात, मलाच विकायला आले होते.

रात्रपाळी
माझा किस्सा कायद्याचाच. २२ ऑगस्ट २०२५, बरोबर पोळा, त्याच दिवशी राष्ट्रपतींची सही. ॲपवर नुसतं ‘खेळ थांबवला आहे, पैसे काढून घ्या’. माझे ३,४०० अडकलेले. दुसऱ्या दिवशी इतवारीत गर्दीत उभा, पिवळी मारबत (इडापिडा घेऊन जाणारा पुतळा) समोरून जाऊन राहिली, सगळ्यांसोबत मीही बोंबललो “घेऊन जा गे मारबत” आणि खिशात टुंग. ३,४०० जमा. आई म्हणते मारबतीची कृपा.

नवीन_आयडी
सध्या कोणतं चालू आहे का, पैसेवालं? लिंक टाका ना

चार_पत्ते
वरचं एकही वाचलं नाहीस ना

रात्रपाळी
@नवीन_आयडी मला पण एका मेसेज ग्रुपवर अशीच लिंक मिळाली होती. ५,००० टाकले, १८,००० झाले. काढायला गेलो तर म्हणे आधी ६,००० ‘टॅक्स’ भरा. टीडीएस जिंकलेल्यातून कापतात, वरून मागत नाहीत, एवढं माहीत होतं म्हणून सहा वाचले. पाच गेलेच. नंबर दुसऱ्या दिवशी बंद.

टॅक्सवाला_बाप्पा
आणि कायदा असा आहे की खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. पण चालवणारा आहे कुठे हे तुला माहीत नाही, तर भांडणार कोणाशी?

बिनकामाचा
रम्मीचं सांगू का आता

झिरोमैल
सांग बाबा. पण त्याआधी आमच्या बाबांचा निरोप: ‘८४० ची नोंद चूक. रात्रभर चाललेल्या कूलरचं वीजबिल वजा केलेलं नाही. दुरुस्ती करणे.’

रिबायराजा
काकांना दंडवत. बरं, तो माळ्यावरचा पंप चालू आहे का? माझा मागच्या महिन्यात जळाला.

झिरोमैल
चालू आहे, वायर तेवढी बदल. रविवारी ये, सकाळी नऊच्या आत. नंतर बाबा खर्डा काढून बसते, मग तुला दोन तास सोडत नाही.