बोफोर्स तोफ चांगली होती, मग नुकसान कशाचं झालं?

देवळालीकर: मुलीच्या कॉलेज प्रकल्पासाठी वाचतोय. 64 कोटींच्या दलालीचा आरोप झाला, पण कारगिलमध्ये तीच तोफ उपयोगी पडली. मग देशाचं बिघडलं काय?

जुना_तोपची: 1999 ला मी द्रासमध्ये याच तोफेवर होतो. तोफ उत्तमच, त्याबद्दल वादच नाही. तोलोलिंग शिखरावर चढणाऱ्या पोरांना आमच्या माऱ्याचाच आधार होता.

नुकसान तोफेत शोधू नका, नंतरच्या वर्षांत शोधा. मार्च 1986 मध्ये बोफोर्स या स्वीडिश कंपनीशी 410 तोफांचा सुमारे 1,437 कोटींचा करार झाला. मधे दलाल नकोत, असं सरकारने आधीच बजावलं होतं. एप्रिल 1987 मध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली आणि त्यानंतर तोफखरेदीच्या फायलीवर सही करायलाच लोक घाबरू लागले. आम्ही एका तोफेचे भाग काढून दुसरीला लावायचो. नवीन 155 मि.मी. तोफेचा, एम-777 चा, करार व्हायला नोव्हेंबर 2016 उजाडला. तीस वर्षं! तोवर मी निवृत्तही झालो होतो.

सांगलीकर७२: काका, शिक्षा कुणाला झाली?

जुना_तोपची: कुणालाच नाही. सीबीआयने गुन्हा नोंदवला 1990 मध्ये. 2004 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव गांधींवरचे लाचेचे आरोप रद्द केले. 2011 मध्ये दलालीचा आरोप असलेला इटालियन व्यावसायिक क्वात्रोची याच्यावरचा खटलाही कोर्टाच्या परवानगीने मागे घेतला गेला. मुलीला तारखांचा तक्ता करायला सांगा, हवं तर मी तपासून देतो.