रेड सॉक्सचा यंदाचा हिवाळा: ब्रेगमनला परत आणावे का? (सल्ला हवा आहे)

चार्ल्सकाठची (नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. आम्ही बॉस्टनजवळ राहतो आणि माझी अकरा वर्षांची मुलगी रेड सॉक्स या इथल्या बेसबॉल संघाची निस्सीम चाहती आहे. यंदा संघाने ८९ सामने जिंकून २०२१ नंतर प्रथमच बाद फेरी गाठली आणि तिथे यँकीजकडून २-१ अशी मालिका गमावली. आता तिसऱ्या बेसवरचा खेळाडू ॲलेक्स ब्रेगमन, ज्याच्याशी फेब्रुवारीत तीन वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार झाला होता, तो करारातल्या तरतुदीनुसार पहिल्याच वर्षानंतर कोणत्याही संघाशी करार करायला मोकळा झाला आहे. आयपीएल लिलावात प्रत्येक संघाला ठरावीक रक्कम मिळते, एवढे मला समजते. बेसबॉलमध्ये मात्र अशी मर्यादाच नाही असे म्हणतात आणि तरीही संघ मर्यादेचेच कारण देतात. हे गणित कसे वाचावे, आणि आपल्या मते संघाने काय करावे?

हिरवी_भिंत

मर्यादा नाही, कर आहे. २०२५ साठी संघाच्या एकूण पगाराची कररेषा २४.१ कोटी डॉलर होती, २०२६ साठी ती २४.४ कोटी आहे. रेषा ओलांडली तर केवळ वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के कर बसतो. फार वर गेल्यास अधिभार वेगळा. रेड सॉक्सनी यंदा रेषा ओलांडली, म्हणून पुढच्या वर्षी ते एक कोटीने वर गेले तर कर ३० लाख डॉलर होईल. एवढ्या मोठ्या क्लबने या रकमेसाठी चांगला खेळाडू सोडावा, हे मला पटत नाही.

मात्र एक बारकावा ध्यानात घ्यावा. कर मोजताना त्या वर्षी हातात पडणारा पगार धरत नाहीत, तर संपूर्ण कराराची वार्षिक सरासरी धरतात. तरुण खेळाडू रोमन अँथनीचा आठ वर्षांचा १३ कोटींचा करार २०२६ पासून दरवर्षी १.६२५ कोटी म्हणून मोजला जाईल, जरी सुरुवातीच्या वर्षांत त्याला मिळणारी रक्कम याहून बरीच कमी असली तरी. पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशेचे १७ कोटी सहा वर्षांत विभागले की वर्षाला सुमारे २.८३ कोटी होतात. म्हणजे एकही नवा माणूस न घेता हिशेबाची वही जड होणार आहे, आणि तरीही हे दोन्ही करार मला अत्यंत शहाणपणाचे वाटतात. खेळाडूला पहिली तीन वर्षे किमान पगाराच्या आसपास (२०२६ साठी ७ लाख ८० हजार डॉलर) मिळतात, पुढची तीन वर्षे पगार लवादाच्या आधारे ठरतो आणि सहा वर्षांनी तो मोकळा होतो, तेव्हा बहुधा त्याची तिशी जवळ आलेली असते. बाजारात सर्वाधिक पैसा मोजावा लागतो तो नेमका या वयाला.

मार्चअखेर ब्रेगमन ३२ वर्षांचा होईल. चार वर्षांच्या करारापर्यंत मी होकार देईन. त्यापुढे तिसरा बेस तरुण मार्सेलो मेयरकडे सोपवून तो पैसा क्रोशेच्या मागे उभा राहील अशा दुसऱ्या स्टार्टिंग पिचरवर (सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकणाऱ्यावर) लावावा. डुरान, अब्रेयू, राफाएला आणि अँथनी असे चौघे आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या मागच्या भागात) असताना त्यातल्या एकाच्या बदल्यातही पिचर मिळू शकतो.

जुना_चाहता

वरील हिशेब अचूक आहे, पण मला त्याचे भय वाटते, कारण असाच हिशेब मांडून फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या संघाचा तारा मूकी बेट्सला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे पाठवले गेले. डॉजर्सनी त्याच वर्षी जुलैमध्ये त्याला १२ वर्षांसाठी ३६.५ कोटी दिले आणि त्याच्यासह २०२०, २०२४ व २०२५ ची वर्ल्ड सीरिज (विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकली. २०२२ च्या डिसेंबरात आपलाच बोगार्ट्स सॅन डिएगोच्या संघाकडे गेला. यंदा जूनमध्ये आपल्याच डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सकडे दिले, त्यांनी त्याच्या कराराची उरलेली २५ कोटींहून अधिक रक्कम उचलली. मोकळा झालेला तो पैसा मैदानावर दिसलाच पाहिजे. मेयर गुणी आहे, परंतु त्याचे पहिले वर्ष मनगटाच्या शस्त्रक्रियेने अर्धवट राहिले आणि पहिल्या बेसवरचा कसास गुडघ्याच्या गंभीर दुखापतीतून सावरतो आहे. अशा इनफिल्डमधून (बेसजवळच्या फळीतून) ब्रेगमनही गेला, तर तरुणांना सांभाळून घेणारे कोण उरते? मी पाचवे वर्षही देईन.

चार्ल्सकाठची

दोघांचेही आभार. मुलीने चार आउटफिल्डरांची नावे वहीत लिहून डुरानभोवती चौकट काढली आहे. त्याला सोडू नये, असे ती ठामपणे सांगते. यावर आपले मत कळवाल का?

हिरवी_भिंत

तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. डुरान २०२८ पर्यंत संघाच्या हक्कात आहे (तोवर तो स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नाही), आणि नेमके म्हणूनच इतर संघ त्याच्यासाठी उत्तम पिचर देऊ करतील. किमान तीन वर्षे हक्कात राहणारा स्टार्टिंग पिचर मिळत नसेल, तर मीही त्याला सोडणार नाही. संघांच्या डिसेंबरमधल्या वार्षिक बैठकांत यासंबंधी काही हालचाल झाली, तर याच धाग्यावर लिहीन.