‘सापडले नाही’ की ‘आढळले नाही’? कोड शोधणाऱ्या टूलच्या वर्णनातले शब्द

हळदपेठ, सांगली
एआय एजंटाला (स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआयला) कोडमध्ये शोध घ्यायला जे टूल द्यायचं, त्याचं वर्णन मराठीत लिहायला घेतलंय. कोड सौद्याच्या हिशेबाचा आहे: हळद, बेदाणा, अडत, हमाली, तोलाई. आतून रिपग्रेप (फायलींमधला मजकूर शोधणारा प्रोग्राम) चालतं. काहीच हाती लागलं नाही तर टूलने काय म्हणावं? ‘सापडले नाही’, ‘मिळाले नाही’ की ‘आढळले नाही’? शिवाय ‘संदर्भ’ हा शब्दही अडतोय.

अजिंक्यतारा
‘मिळाले’ बाद. त्यात कुणीतरी देणारा असतो. परवानगी मिळत नाही, पैसे मिळत नाहीत. एजंट ते वाचून परवानगीच्याच मागे लागायचा. ‘सापडले नाही’मध्ये वस्तू आहे पण हाताला लागत नाही, असा वास येतो. चावी सापडत नाही म्हणजे ती घरातच कुठेतरी असते. ‘आढळले नाही’ कोरडं आहे: पाहिलं, तिथे नव्हतं. (आपल्याकडचं ‘घावलं न्हाई’ सगळ्यात नेमकं, पण ते टूलच्या तोंडी घालायचा मोह आवरा.)

सूची-दोन
क्रियापद ठीक, पण खरं अडतं ते ‘कुठे’वर. दुय्यम निबंधकाकडच्या नोंदी पाहून वकील सर्च रिपोर्ट देतो, तेव्हा नुसतं ‘बोजा आढळला नाही’ म्हणून सही करत नाही. कोणता गट, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणती पुस्तकं पाहायला उपलब्ध नव्हती, हे सगळं त्यात येतं. टूलच्या उत्तरातही तेच हवं. रिपग्रेप गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत) लिहिलेल्या आणि लपवलेल्या फायली मुळात उघडतच नाही, आणि बायनरी वाटली ती फाईल सोडून देतं. जनरेट केलेला कोड गिटइग्नोरमध्ये असला की एजंट ‘हे फंक्शन कुठेच नाही’ असं धरतो आणि दुसरं लिहून मोकळा होतो. म्हणून उत्तर असं द्या: ‘सौदा फोल्डरमधल्या पायथॉन फायलींत आढळले नाही. गिटइग्नोरमधल्या फायली पाहिलेल्या नाहीत.’

आणि ‘आढळले नाही’ हे फक्त एक्झिट कोड १ साठी राखून ठेवा (एक्झिट कोड म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडा; १ म्हणजे जुळणी नाही). कोड २ म्हणजे चूक झाली. रेजेक्सचा (शोधायच्या नमुन्याचा) कंस उघडा राहिला, तर शोध झालेलाच नसतो. तिथे ‘शोध घेता आला नाही’ असं लिहा आणि मूळ तक्रार जशीच्या तशी पुढे द्या. गोम अशी की एखादी फाईल वाचता आली नाही आणि बाकीच्या फायलींत जुळण्या मिळाल्या, तरी कोड २ च येतो. २ दिसला की सगळं आउटपुट फेकून देणारा रॅपर (रिपग्रेपला चालवणारा आपला कोड) त्या जुळण्याही गिळतो. तिथे ‘शोध अपुरा’ म्हणा आणि हाती आलेलं दाखवा.

हळदपेठ, सांगली
पटलं. मर्यादेसाठी ‘पहिले ५० निकाल’ लिहिलंय, ते चालेल ना?

सूची-दोन
दोन्ही शब्द चुकतात. रिपग्रेपचा छोट्या एमचा (-m) पर्याय ५० ठेवला, तर ती मर्यादा दर फायलीला लागते, एकूण निकालांना नाही. एकूण ५० हवेत तर रॅपरमध्येच मोजून कापावं लागेल. आणि ‘पहिले’ म्हणायला क्रम ठरलेला हवा. रिपग्रेप अनेक थ्रेडवर (एकाच वेळी अनेक फायली शोधत) चालतं, त्यामुळे फायलींचा क्रम दर वेळी वेगळा येऊ शकतो. पाथप्रमाणे सॉर्ट लावलं तर क्रम पक्का होतो, पण काम एकाच थ्रेडवर येऊन वेग पडतो. सॉर्ट नको असेल तर ‘त्यांपैकी ५०’ लिहा, आणि कापलंय हे शेवटच्या ओळीत सांगा.

अजिंक्यतारा
‘संदर्भ’ काढूनच टाका. ‘संदर्भ: ३’ म्हणजे जुळलेल्या ओळीच्या मागच्यापुढच्या तीन ओळी, की फंक्शन तीन ठिकाणी वापरलंय? मराठीत दोन्ही अर्थ चालतात. ‘आजूबाजूच्या ओळी’ आणि ‘वापराच्या जागा’ असे वेगळे करा. त्यातही मजकूर शोधणारं टूल वापर दाखवत नाही, उल्लेख दाखवतं. कमेंट आणि स्ट्रिंगमधलेही त्यात येतात. ‘वापर’ हा शब्द लँग्वेज सर्व्हरच्या (कोडची रचना समजून घेणाऱ्या प्रोग्रामच्या) टूलसाठी ठेवा.

‘पूर्ण शब्द’ या पर्यायापुढेही एक ओळ लागेल. रेजेक्सच्या लेखी अंडरस्कोअर हेही अक्षरच, त्यामुळे पूर्ण शब्द म्हणून ‘पट्टी’ शोधली तर ‘हिशेब_पट्टी’ हाती लागणार नाही.

कृष्णाकाठ
स्क्रीनवरची नावं देवनागरीत असतील तर ‘शेतकऱ्याचे नाव’ शोधून बघा. यातलं ‘ऱ्या’ तीन तऱ्हांनी टाईप झालेलं असतं: ऱ हे एकच अक्षर घेऊन, र ला नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) लावून. डोळ्याला तिन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्यामुळे रिपग्रेपला ते तीन वेगळे शब्द वाटतात. एनएफसी (युनिकोडमधली अक्षरं एकसारखी करायची पद्धत) केलं तर पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो. वर्णनात एवढं घाला: ‘ऱ्य, ऱ्ह असलेला शब्द आढळला नाही तर तेवढा भाग गाळून “शेतक” असा शोधा.’