तातडीने मदत हवी आहे : गव्हात प्रोलीन कंट्रोललाच जास्त येतंय!

फोंड्याची_बाय
गव्हाच्या रोपांचं पाणी तोडून सात दिवस झाले. पानं सुतळीसारखी वळलीत, तरी प्रोलीन (ताणात रोपं साठवतात ते अमिनो आम्ल) कंट्रोलपेक्षा, म्हणजे पाणी दिलेल्या रोपांपेक्षा, कमी! तीनदा केलं. सोमवारी गाइडना आकडे द्यायचेत. काय चुकतंय?

बेतीकर
वाण? कितवं पान? निनहायड्रिन (प्रोलीनला रंग आणणारं रसायन) कधीचं? हे न सांगता विचारणं म्हणजे फोनवरून वैद्याला नाडी दाखवणं.

फोंड्याची_बाय
लोकवन, वरून दुसरं पान. अर्धा ग्रॅम, ३ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्ल १० मिली. बाकी नेहमीसारखंच.

बेतीकर
'नेहमीसारखं'मध्येच घोळ असतो. १.२५ ग्रॅम निनहायड्रिन, ३० मिली ग्लेशियल अ‍ॅसेटिक, २० मिली ६ मोलर फॉस्फोरिक. कोमट करून विरघळवायचं, फ्रिजमध्ये २४ तासच टिकतं. गाळलेला अर्क, हे द्रावण आणि ग्लेशियल अ‍ॅसेटिक प्रत्येकी २ मिली, उकळत्या पाण्यात तासभर, लगेच बर्फात. मग ४ मिली टोल्युइन घालून १५-२० सेकंद जोरात हलवा. लालसर थर वर येतो, तेवढाच घ्या. गारच वाचलात तर गढूळ दिसतो. ५२० नॅनोमीटरला वाचा, ब्लँक (शून्य लावायचा नमुना) टोल्युइनचा.

तापलेला_गहू
प्रोलीन सोडा हो, एमडीए (पटलातला मेद नासल्यावर होणारं मॅलोनडायअल्डिहाइड) करा. ५३२ मधून ६०० चं रीडिंग वजा, गुणांक १५५. पेशीचं पटल किती बिघडलं त्याचा अंदाज येतो. नुसत्या उष्णतेत प्रोलीन दरवेळी तेवढं हलतंच असं नाही. तिथे रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज (प्रकाशसंश्लेषणातलं विकर) आधी ढेपाळतं, दाणे भरताना स्टार्च बनवणारं स्टार्च सिंथेजही मंदावतं. म्हणून दाणा चिमतो.

बेतीकर
तिने उष्णतेचं विचारलंय कुठे? पाणी तोडलंय तिने.

खाजनवाला
गोव्यात गहू कशाला? खाजनातलं (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं) कोरगुट घ्या, खारं पाणी सोसतं.

तापलेला_गहू
कोरगुट भात आहे, बाब. आणि प्रोलीन वाढलं म्हणजे वाण सोशिक असंही नाही. ताण बसला एवढंच कळतं.

मापांचा_माणूस
बाय, क्युव्हेट (रीडिंगसाठी नमुना भरायची नळी) कसली? आणि आधी कुठले नमुने वाचता?

फोंड्याची_बाय
प्लास्टिकची, रोजचीच. आधी ताणाचे, शेवटी कंट्रोल. हल्ली जरा धुरकट झालीय.

मापांचा_माणूस
तिथेच पाणी मुरतंय! टोल्युइन पॉलिस्टायरीन खातं. दर नमुन्यागणिक क्युव्हेट धुरकटते, रीडिंग फुगतं, आणि तुमचं कंट्रोल रांगेत शेवटी. काचेची किंवा क्वार्ट्झची घ्या, नमुने आलटूनपालटून वाचा, टोल्युइन हूडमध्येच (वाफा ओढणाऱ्या कपाटात). ब्लँक मधेमधे पुन्हा लावा, सरकला तर लगेच कळेल.

बेतीकर
हे सुचलं नव्हतं. एक राहिलं : कोमेजलेल्या पानाच्या एका ग्रॅमात पाणी कमी, म्हणून ताज्या वजनावर प्रोलीन उगाच जास्त दिसतं. शुष्क वजनावर मांडा. सोबत आरडब्ल्यूसी (पानातलं सापेक्ष पाणी) द्या : ताज्या वजनातून शुष्क वजा, भागिले पाण्यात ठेवून फुगलेल्या पानाच्या वजनातून शुष्क वजा, गुणिले १००.

फोंड्याची_बाय
शुष्क वजन घेतलंच नाही!!

बेतीकर
त्याच कुंड्यांतली तशीच पानं आजच ७० अंशांना ठेवा, वजन स्थिर होईपर्यंत.

खाजनवाला
पोयांना (गोव्याच्या पावांना) लोकवन चालतो काय?