मदत हवी आहे : उन्हाची ॲलर्जी आणि टोमॅटोतलं लायकोपीन

आई निफाडकडे द्राक्षबागेत विरळणीला जाते. ऊन वाढलं की मानेवर आणि मनगटाच्या वर बारीक लाल पुरळ उठतं, रात्रभर खाजवत बसते. डॉक्टरांनी उन्हाची ॲलर्जी सांगितली. सनस्क्रीन लावते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, पण घामाने क्रीम टिकतच नाही.

टोमॅटोला लाल रंग देणाऱ्या लायकोपीन या द्रव्याबद्दल वाचलं. 2001 च्या एका अभ्यासात रोज 40 ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलासोबत खाणाऱ्यांची त्वचा 10 आठवड्यांनी अतिनील किरणांमुळे तुलनेने कमी लाल झाली होती. टोमॅटो शिजवून तेलासोबत खाल्ला की लायकोपीन अंगी जास्त लागतं. मग शेंगदाणा तेलात आटवलेला टोमॅटो चालेल ना? ऑलिव्ह तेल रोज परवडणारं नाही.

दुसरं, मध्य अमेरिकेतल्या पॉलिपोडियम नेच्याच्या अर्काच्या गोळ्या अशा ॲलर्जीत कुणी घेतल्या आहेत का? फरक पडला का, महिन्याला खर्च किती? आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देणार नाही. सनस्क्रीनही बंद करणार नाही. शेतात घामात टिकणारं एखादं माहीत असेल तर तेही कळवा. तिला काम सोडायचं नाहीये.